आकडा मांडणारा हात आपला का नको?

२०२३ चा पावसाळा. परभणीच्या कोर्टाबाहेर वकिलांच्या टेबलांची रांग असते, तिथे एक पोरगा आमच्यापुढे येऊन उभा राहिला. हातात प्लॅस्टिकची फाईल. फाईलमध्ये जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, गुणपत्रिका, सगळे नीट लावलेले. म्हणाला, 'जयभीम वकीलसाहेब. सांख्यिकी सहायकाची जागा निघाली आहे. फॉर्म भरू का?'

आम्ही विचारले, शिक्षण काय? तर एम. एस्सी., विषय सांख्यिकी. बाप पूर्ण्याला रेल्वेत गँगमन होता, आता निवृत्त. पोरगा विद्यापीठातून चांगल्या गुणांनी पास झाला आणि दोन वर्षे पोलीस भरतीच्या मैदानावर धावत होता. सोळाशे मीटर धावण्याची वेळ त्याला सेकंदासह पाठ. पण आपण जे शिकलो त्याचीच एक सरकारी नोकरी असते, हे त्याला जाहिरात पाहीपर्यंत ठाऊक नव्हते. त्याला नव्हते, त्याच्या बापाला नव्हते, विहारात दर रविवारी मार्गदर्शन करणाऱ्या आमच्यासारख्या शहाण्यांनाही त्याची आठवण नव्हती. आपल्या वस्तीत तलाठी म्हटले की कळते, ग्रामसेवक म्हटले की कळते, शिक्षक, पोलीस, शिपाई, लाईनमन कळतो. सांख्यिकी सहायक म्हटले की लोक विचारतात, 'म्हणजे कोणत्या खात्यात? वरकमाई काय?' त्या दिवशी त्या पोराने आम्हाला विचारलेला दुसरा प्रश्न मात्र वेगळा होता. 'साहेब, तिथे बसून समाजाचे काही काम होते का, की नुसतीच पाटी टाकायची?' हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी नोकरी काय ती सांगतो. महाराष्ट्र शासनाच्या नियोजन विभागाखाली अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. मुख्यालय मुंबईला, आणि प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा सांख्यिकी कार्यालय. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी पेपरवाले ज्या 'आर्थिक पाहणी'चे मथळे छापतात ती हे संचालनालय तयार करते. जिल्ह्याचे 'सामाजिक व आर्थिक समालोचन' नावाचे पुस्तक निघते, तेही यांचेच. परभणीचे पुस्तक उघडा. पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा, पालम, गंगाखेड, सोनपेठ आणि परभणी असे नऊ तालुके, त्यांतली गावे, विहिरी, शाळा, दवाखाने, बैलजोड्या, पाऊस, पेरा, अनुसूचित जातींची संख्या, सगळे तक्त्यात. हे तक्ते आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी तहसिलीत, जिल्हा परिषदेत, आरोग्य खात्यात, शिक्षण खात्यात पत्रे पाठवतो, स्मरणपत्रे पाठवतो, शेवटी स्वतः जाऊन बाबूच्या टेबलाशी उभा राहतो, आलेला आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडतो आणि चुकला असेल तर परत पाठवतो. तो कुणीतरी म्हणजे सांख्यिकी सहायक. त्याच्या खाली अन्वेषक, वर सहायक संशोधन अधिकारी. बाजारात जाऊन ज्वारी, तूरडाळ, गोडेतेलाचे भाव टिपणे आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेरीत घरोघर जाऊन 'महिन्याला खर्च किती, कर्ज किती, दवाखान्याला किती गेले' हे विचारणे, हेही याच कार्यालयाचे काम.

२०२३ च्या त्या जाहिरातीत एकूण २६० जागा होत्या. त्यांत सांख्यिकी सहायकाच्या ९४, अन्वेषकाच्या १२७ आणि सहायक संशोधन अधिकाऱ्याच्या ३९. महाराष्ट्रभराला ९४! त्या वर्षीच्या सरळसेवा भरतीत परीक्षेचे शुल्क खुल्या वर्गाला १००० रुपये आणि मागासवर्गीयांना ९०० रुपये होते. शंभर रुपयांची सवलत. गँगमनच्या पोराने वर्षात चार फॉर्म भरले की बापाच्या पेन्शनीतले साडेतीन हजार गेले. ही सवलत आहे की चेष्टा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आम्ही या कामाबद्दल ऐकीव बोलत नाही. वकिलीची सनद मिळण्याआधी, विशीत असताना, आम्ही काही महिने एका कार्यालयात कंत्राटी पद्धतीने आकडे भरण्याचे काम केले आहे. नाव सांगत नाही, सांगण्यात अर्थही नाही. २००२ च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणाचे फॉर्म होते. एका फॉर्ममागे ठरलेले पैसे, बसायला मोडकी खुर्ची आणि गठ्ठेच्या गठ्ठे कागद. त्या सर्वेक्षणात तेरा प्रश्न होते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, म्हणजे एकूण बावन्न. ज्याला कमी गुण तो गरीब. जमीन किती, घर कसे, माणशी कपडे किती, दोन वेळचे जेवण मिळते का, संडास कुठे, घरात पंखा-रेडिओ आहे का, कर्ज कुणाचे, कामाला बाहेर जाता का, अशी ती प्रश्नावली.

पहिल्या आठवड्यातच आमच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. पहिली अशी की काही गावांचे फॉर्म पाहिले तर मधला एक गठ्ठा एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत, एका बैठकीत भरलेला दिसे. बाकी गावात खाडाखोड, तेलाचे डाग, अंगठ्याचे ठसे, आणि हा गठ्ठा मात्र स्वच्छ. आडनावे वाचली की कळायचे, हा आपला वाडा. माहिती घेणारा वाड्यात आलाच नव्हता. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून गावातल्या कुणा जाणत्याला विचारून त्याने चाळीस घरे 'मोजली' होती. अशा फॉर्मात विधवा म्हातारीच्या नावापुढे पंखाही असायचा आणि सहा जोडी कपडेही. बरेच फॉर्म भरायचे राहूनही गेले होते, कारण दसरा-दिवाळीनंतर गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची घरे ऊसतोडीला निघून जातात. ज्यांना सर्वांत कमी गुण पडायचे तेच कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर. कुलूप पाहून माणूस परत.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी होती, कारण तिच्यात कुणाची लबाडी नव्हती, ती फॉर्ममध्येच छापलेली होती. एक प्रश्न होता, घरातल्या सर्वांत जास्त शिकलेल्या माणसाचे शिक्षण काय. निरक्षर असेल तर शून्य, प्राथमिकपर्यंत एक, माध्यमिक दोन, पदवीधर तीन, त्याहून वर चार. आता बघा. गावातल्या भूमिहीन मजुराने बाबासाहेबांचे ऐकून पोटाला चिमटा घेतला आणि पोराला बी. ए. केले. पोराला नोकरी नाही. बाप रोजाने, आई रोजाने, पोरगाही हंगामात रोजाने. पण कागदावर तीन गुण चढले. शेजारच्या घरात त्याच्याच इतकी मजुरी, पोरे शिकली नाहीत, त्याला शून्य. तीन गुणांच्या फरकाने एकाला दारिद्र्यरेषेखालचा दाखला मिळाला आणि दुसऱ्याचा गेला. 'शिका' या आदेशाला एवढी शिक्षा कोणत्या मनूने केली नसती! आम्ही त्या कार्यालयातल्या कायम नोकरीवरच्या एका वयस्क सहायकाला हे दाखवले. भला माणूस होता, आपल्या समाजाचा नव्हता. म्हणाला, 'पोरा, तुझे बरोबर आहे. पण प्रश्न दिल्लीत ठरला, गुण दिल्लीत ठरले. आपल्या हातात एवढेच, की जे आहे ते खरे भरायचे.' तेव्हा आम्हाला हे उत्तर भेकड वाटले होते. आज तसे वाटत नाही. जे आहे ते खरे भरणारा माणूस त्या गावाला मिळाला असता तर म्हातारीच्या नावापुढे पंखा लागला नसता, हे तरी खरेच ना?

बाबासाहेबांना आम्ही घटनाकार म्हणून ओळखतो, मुक्तिदाता म्हणून ओळखतो. त्यांच्या हातात आकड्यांची वही होती, हे मात्र विसरतो. १९१८ साली, वय सत्तावीस, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. सगळा काळ म्हणत होता की शेतीचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब. बाबासाहेबांनी जमीन, भांडवल आणि राबणारे हात यांचा हिशेब मांडून दाखवले की दुखणे तुकड्यात नाही, शेतीवर गरजेहून जास्त माणसे अवलंबून आहेत यात आहे. १९१९ ला साऊथबरो समितीपुढे साक्ष, १९२८ ला सायमन कमिशनपुढे निवेदन, सगळीकडे त्यांची मागणी प्रमाणाच्या भाषेत आहे. आपण किती, आपल्याला मताधिकार किती जणांना, आपल्या जागा किती. आणि १९५५ साली भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिताना त्यांनी १९५१ च्या जनगणनेतून जातवार तक्ते गाळल्याबद्दल सरकारला खडसावले आहे. कोशातून शब्द काढला म्हणून वस्तू नाहीशी होत नाही, असा त्या टीकेचा रोख. तक्ता गेला म्हणून जात गेली नाही. आपली संख्या मात्र गेली.

जातगणनेची मागणी कालपरवाची आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही सत्तर वर्षांपूर्वीची तक्रार ध्यानात ठेवावी.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. जिंतूर तालुक्यातल्या एका गावचे एक आजोबा आमच्याकडे येतात. गायरानाचे प्रकरण आहे. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहाच्या कथा ऐकत मोठे झालेले. बापाने माळ फोडला, यांनी दगड वेचले, आता नातू ज्वारी, तूर पेरतो. चाळीस वर्षांहून जास्त वहिती. पण सातबारावर नाव नाही, जमीन सरकारी गायरान. गाव नमुना बारात पीकपेरा लिहितात तो मालकाच्या किंवा रीतसर कब्जेदाराच्या जमिनीचा. आजोबांच्या जमिनीची नोंद व्हायची ती गाव नमुना एक-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत. म्हणजे त्यांची तूर सरकारच्या लेखी पीक नाही, गुन्हा आहे!

याचा अर्थ आकड्यांच्या भाषेत काय होतो ते पाहा. कृषी गणना १९७०-७१ पासून दर पाच वर्षांनी होते, आणि तिच्यात खातेदारांची अनुसूचित जाती, जमाती व इतर अशी विभागणी असते. महाराष्ट्रात ती मुख्यतः जमिनीच्या कागदपत्रांवरून होते. कागदावर आजोबा खातेदार नाहीत, म्हणून ते शेतकरी म्हणून मोजले गेले नाहीत. पीकविमा नाही. अतिवृष्टी झाली तर पंचनामा नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून मोबाईलवर ई-पीक पाहणी आली, तीही गट नंबर आणि खातेदार विचारते. ज्याला खातेच नाही त्याने फोटो कशाचा काढायचा? मराठवाड्यात किती दलित-आदिवासी कुटुंबे गायरानावर जगतात, असा प्रश्न सभागृहात कुणी विचारला तर उत्तर 'अतिक्रमण' या मथळ्याखाली येते, 'शेती' या मथळ्याखाली येत नाही. २०२२ साली उच्च न्यायालयाने गायरानाचा विषय स्वतःहून हाती घेतल्यावर गावोगाव नोटिसा निघाल्या तेव्हा हेच झाले. हटवायच्या वेळी आपण मोजले गेलो.

२८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा. त्यासाठी पुरावा लागतो आणि पुरावा कोणता? तीच एक-ई ची नोंद, तोच दंड भरल्याची पावती. आजोबांनी दंडाच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात, बाबासाहेबांच्या फोटोमागे जपून ठेवल्या आहेत. सरकारने शिक्षा म्हणून दिलेला कागद त्यांनी हक्काचा कागद म्हणून सांभाळला. पण काही वर्षांच्या नोंदी वहीत नाहीतच, कारण त्या वर्षी नोंद करणारा माळापर्यंत गेला नाही. तेवढ्या न लिहिलेल्या ओळींसाठी प्रकरण अडून आहे.

परभणी हा सोयाबीन-कापसाचा जिल्हा. विम्यावरून इथे २०१८ मध्ये शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, ते बहुतेक वाचकांना आठवत असेल. त्या भांडणाच्या मुळाशी पीक कापणी प्रयोग असतो. गाव सोडतीने निघते, गावातला गट नंबर सोडतीने, शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून किती पावले लांब आणि किती पावले रुंद जायचे तेही सोडतीने. तिथे दोरी लावून ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, तोलायचा. त्या वजनावर मंडळातल्या हजारो शेतकऱ्यांचा उतारा ठरतो. ही पद्धत देशात बसवणाऱ्यांत आपल्या साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे होते. तुकडा फार लहान घेतला तर काठावरची झाडे आत धरली जातात आणि उतारा खोटा फुगतो, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले. त्यावरून महालनोबिसांसारख्या माणसाशी त्यांचा वाद झाला. दोरी वीतभर इकडे-तिकडे झाली की कुणाच्या तरी घरची भरपाई जाते, एवढे हे बारीक काम आहे. आणि त्या शेतात सोयाबीन काढणारी आपली बाई? तिची मजुरी बुडाली तर तिच्यासाठी कोणता प्रयोग? तिच्यासाठी दोरी नाही.

कायद्याकडे येतो, कारण तिथे तर आकडा नाही म्हणून आपले हक्क गेले आहेत. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एम. नागराज प्रकरणात सांगितले, पदोन्नतीत आरक्षण द्यायचे तर राज्याने मोजता येईल अशी माहिती दाखवावी. २०१८ मध्ये जर्नेलसिंग प्रकरणात अनुसूचित जाती-जमातींचे मागासलेपण पुन्हा सिद्ध करण्याची अट काढली, पण प्रतिनिधित्व अपुरे आहे हे आकड्यांनी दाखवण्याची अट राहिली. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट झाले की ही मोजणी संवर्गनिहाय हवी. महाराष्ट्रात काय झाले? २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने दिलेले पदोन्नतीतील आरक्षण मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द केले. शासनाने अशी माहिती जमवलेलीच नव्हती. शेजारच्या कर्नाटकाने त्याच सुमारास समिती नेमली, खातेनिहाय आकडे काढले, नवा कायदा केला, आणि १० मे २०१९ रोजी तो सर्वोच्च न्यायालयात टिकला.

आणि गंमत बघा. गंमत कसली, संताप! हेच आमचे महाराष्ट्र शासन दरवर्षी १ जुलै या संदर्भ दिनांकाने सगळ्या शासकीय कर्मचाऱ्यांचा 'सर्वंकष माहितीकोष' तयार करते. प्रत्येक कार्यालयाला आपल्या कर्मचाऱ्यांची माहिती भरावी लागते. पद, वेतन, सामाजिक प्रवर्ग, सगळे. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचे प्रमाणपत्र पगारपत्रकाला जोडले नाही तर कोषागार बिल अडवते. म्हणजे साहेबाचा पगार ज्या माहितीशिवाय निघत नाही, ती माहिती जमवणारे सरकार आणि कोर्टात माहिती नाही म्हणून हरणारे सरकार एकच आहे. ती माहिती संवर्गनिहाय मांडून प्रतिज्ञापत्राला जोडायला कुणाचा हात अडला होता? आमच्या अनेक कर्मचारी बांधवांनी संघटनांच्या अधिवेशनात ठराव केले, मोर्चे काढले. चांगलेच केले. पण त्या माहितीकोषाचे खंड उघडून आपल्या खात्याचा तक्ता काढलेले पदाधिकारी आम्हाला फार थोडे भेटले. आमचाही यात दोष आहे. कायदा शिकलो, तक्ता वाचायला शिकलो नाही.

ओबीसी बांधवांच्या वाट्यालाही हेच आले. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या आरक्षणासाठी तीन कसोट्या घातल्या, त्यातली पहिलीच प्रत्यक्ष माहितीची. मग घाईघाईने आयोग बसला आणि २०२२ मध्ये आडनावावरून जात ओळखण्याचा प्रकार चालल्याची ओरड झाली. अरे, मराठवाड्यात जाधव, गायकवाड, शिंदे, पवार कोणत्या जातीत नाहीत? परभणीच्या कोणत्याही मतदार यादीत बोट ठेवा आणि आडनावावरून जात सांगा, आम्ही काळा कोट उतरवून ठेवतो.

आता आपल्या धर्माच्या रकान्याचे बोलू. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत बौद्ध होते अवघे २४८७. १९५६ ला नागपूरची दीक्षाभूमी झाली आणि १९६१ ला आकडा आला सुमारे २७ लाख ९० हजार. जगाच्या कोणत्याही जनगणनेत दहा वर्षांत असा फरक क्वचितच दिसेल. पण त्याची किंमत मोजावी लागली. बौद्ध लिहिले की अनुसूचित जातीच्या यादीतून नाव गेले. १९८१ ला महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ७.१ टक्के होते. १९९० मध्ये कायदा दुरुस्त झाला, बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, आणि १९९१ ला तेच प्रमाण ११.१ टक्के झाले. माणसे रातोरात वाढली नाहीत. रकाना बदलला. विशेष घटक योजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायचा असतो, तेव्हा मधल्या वर्षांत किती विहिरी, किती वसतिगृहे, किती शिष्यवृत्त्या त्या रकान्यात गाडल्या गेल्या याचा अंदाज वाचकांनी करावा.

पुढचा आकडा अधिक विचार करायला लावतो. २००१ ते २०११ या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. अनुसूचित जाती ९८ लाख ८२ हजारांवरून १ कोटी ३२ लाख ७६ हजारांवर गेल्या, म्हणजे ३४ टक्के वाढ. बौद्ध मात्र ५८ लाख ३९ हजारांवरून ६५ लाख ३१ हजारांवर, फक्त १२ टक्के. आपल्या घरात जन्म कमी झाले काय? आमचे मत असे, की दाराशी आलेल्या माणसाने 'जात?' विचारले, आपण सांगितली, आणि धर्म त्याने आपल्या मनाने लिहिला. किंवा आपणच 'सवलत जाईल' या जुन्या भीतीने हिंदू सांगितले. ही भीती १९९० पासून बिनबुडाची आहे. उलटही चूक होते. काही अभिमानी बांधव जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' लिहायला सांगतात. अनुसूचित जातींच्या यादीत बौद्ध नावाची जात नाही, त्यामुळे ते घर त्या गणतीत येत नाही. धर्म बौद्ध, आणि जात यादीत आहे ती. मनाला हे लिहिताना त्रास होतो, आम्हालाही होतो. जी जात टाकायला दीक्षा घेतली तीच सरकारी कागदावर परत लिहायची. पण तो कागद आपल्या श्रद्धेचा पुरावा म्हणून कुणी मागत नाही. तो निधीचा आणि जागांचा कागद आहे.

२०२१ ची जनगणना झाली नाही. २०११ चे जातवार सर्वेक्षण झाले, त्याचे जातीचे आकडे बाहेर आले नाहीत. ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारने जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे जाहीर केले आणि जूनमध्ये अधिसूचना काढली. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. घरयादीचा टप्पा २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि सगळे मोबाईलवर. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. परभणीची किती घरे तेव्हा फडावर असतील हे गावातल्या कार्यकर्त्यांना आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. फडावरच्या पालांची यादी आत्तापासून मुकादमाकडून घ्यायला हवी. हे काम मोर्चाइतके दिसणारे नाही, त्याचा फोटो छापून येणार नाही.

एक मधेच सांगतो. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आणि त्यानंतर पकडलेला, कायद्याचा अभ्यास करणारा आपला एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्या प्रकरणाचे जे व्हायचे ते कोर्टात होईल. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांचा जो अहवाल काढतो त्यात कोठडीतले मृत्यू 'नैसर्गिक' आणि 'अनैसर्गिक' अशा रकान्यांत विभागतात. कोणत्या रकान्यात एक रेघ वाढणार, हा प्रश्न त्या रात्रीपासून आमच्या डोक्यातून गेलेला नाही.

तर त्या पोराला आम्ही सांगितले, फॉर्म भर. त्याने भरला. परीक्षा संगणकावर झाली, कागदपत्रे तपासून झाली, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला नेमणूक मिळाली. परभणीत नाही, लांबच्या एका जिल्ह्यात. पहिले काही महिने नुसती टपाल नोंद आणि तक्त्यांच्या बेरजा. कंटाळून फोन करायचा. आम्ही म्हणायचो, टिक.

मग एका पाहणीसाठी त्याला गावात पाठवले. मोठे गाव सोडतीत निघाले की आधी त्याचे भाग पाडावे लागतात, आणि त्यातले काहीच भाग पाहणीसाठी घेतात. २०११-१२ च्या अडुसष्टाव्या फेरीत रीत अशी होती की सर्वांत जास्त वस्तीचा भाग ठरलेलाच, दुसरा सोडतीने. यात अन्याय नाही. हिशेबात त्याचे वजन पुढे धरले जाते. पण ज्या वस्तीचे नाव भागांच्या यादीतच नाही, तिला सोडत कशी निघणार?

त्या रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, 'काका, (आता तो वकीलसाहेब म्हणत नाही) गावच्या माणसांनी पाच भाग सांगितले. मी विचारलं, बौद्धवाडा कुठंय? म्हणाले, तो चौथ्यात धरलाय. मी म्हणलं ठीक. मग विचारलं, पाण्याच्या टाकीपलीकडं पत्र्याची घरं दिसतात ती? म्हणाले, ती अतिक्रमणात आहेत साहेब, ती गावात नाहीत.'

'मग?'

'मग काय, गेलो चालत. सदतीस घरं निघाली. सहावा भाग केला. वरच्या साहेबांना सांगितलं, ते म्हणाले नकाशावर दाखव. दाखवला.'

आम्ही विचारले, सोडतीत निघाला का तो सहावा?

'नाही निघाला काका. तिसरा निघाला. पण यादीत आहे.'